राष्ट्राध्यक्षांना जाब विचारणारे संपादक : विल्यम मन्रो ट्रॉटर

जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे प्राध्यापक, ग्रंथालयात काढलेले दिवस, जातिसंस्थेवर वाचलेला निबंध, हे सारे आपल्याकडे जयंतीच्या भाषणात शाळकरी मुलेही सांगतात. पण त्याच तीन वर्षांत त्या देशाच्या राजधानीत काय चालले होते, हे क्वचितच सांगितले जाते.

मार्च १९१३ मध्ये वुड्रो विल्सन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. राज्यशास्त्राचे नामवंत प्राध्यापक, प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, सुसंस्कृत गृहस्थ अशी त्यांची ख्याती. त्यांच्या सरकारने पहिल्याच वर्षी सरकारी कार्यालयांत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या मध्ये पडदे उभे करायला सुरुवात केली. तेव्हा बोस्टनच्या एका छोट्या साप्ताहिकाचे संपादक थेट व्हाइट हाउसमध्ये गेले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्षांना त्यांच्याच शब्दाची आठवण करून दिली. त्यांचे नाव विल्यम मन्रो ट्रॉटर. आज आम्ही त्यांच्याविषयी लिहीत आहोत, कारण चळवळीत काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाला पडणारा एक प्रश्न त्यांच्या आयुष्याच्या मधोमध उभा आहे. सत्तेला खरे सांगायचे, तर ते कोणत्या भाषेत सांगायचे?

वडिलांचा वारसा

ट्रॉटर यांचा जन्म ७ एप्रिल १८७२ रोजी ओहायो राज्यात झाला आणि ते बोस्टनजवळ वाढले. वडील जेम्स मन्रो ट्रॉटर हे मिसिसिपीत गुलामीत जन्मलेले. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५५व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीत भरती झाले आणि पुढे अधिकारी बनले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार होता. कृष्णवर्णीय शिपायाला कपात होऊन हाती ७ डॉलर पडत. त्या पलटणीने ठरवले की लढायचे, पण असा पगार घ्यायचा नाही. वर्षाहून अधिक काळ त्यांनी पगाराला हात लावला नाही. घरी बायकामुले उपाशी असतानाही ते मागे हटले नाहीत. शेवटी समान वेतन मिळाले तेव्हाच त्यांनी ते स्वीकारले.

युद्धानंतर जेम्स बोस्टनच्या टपाल खात्यात लागले. त्यांना डावलून गोऱ्या माणसाला बढती दिली गेली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. अशा घरात मुलगा वाढला. अपमानाची भरपाई पैशाने होत नाही, हे त्याला कुणी वेगळे शिकवावे लागले नाही.

मुलगा हुशार निघाला. हार्वर्ड विद्यापीठातून १८९५ मध्ये तो उच्च श्रेणीत उत्तीर्ण झाला आणि पुढच्या वर्षी एम.ए. झाला. गुणवंत विद्यार्थ्यांच्या 'फाय बीटा कॅपा' या प्रतिष्ठित संस्थेवर निवडला गेलेला तो हार्वर्डचा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. घरे आणि जमिनींच्या व्यवहारात त्याने स्वतःचा जम बसवला. १८९९ मध्ये जेराल्डिन पिंडेल यांच्याशी विवाह झाला. सुखाने जगावे एवढे सारे हाताशी होते.

'गार्डियन'

पण तो काळ भयंकर होता. दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार एकेका राज्यात हिरावला जात होता. जमाव माणसांना झाडांना लटकवून मारत होते. अशा वेळी कृष्णवर्णीयांचे सर्वांत मोठे पुढारी मानले जाणारे बुकर टी. वॉशिंग्टन सांगत होते की तूर्त राजकीय हक्कांचा आग्रह नको, हाताला कौशल्य द्या, पैसा कमवा, मान आपोआप मिळेल. गोऱ्या धनिकांना आणि सत्ताधाऱ्यांना हे बोलणे गोड लागे.

ट्रॉटर यांना ते पटले नाही. नोव्हेंबर १९०१ मध्ये जॉर्ज फोर्ब्स यांच्यासह त्यांनी 'गार्डियन' हे साप्ताहिक काढले. आपल्याकडे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, त्याच्या अठरा वर्षे आधीची ही गोष्ट. मात्र दोन्हीमागची गरज एकच होती. दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रात आपले दुःख छापून येत नाही, आणि आले तरी ते त्यांच्या शब्दांत येते.

३० जुलै १९०३ रोजी वॉशिंग्टन बोस्टनच्या एका चर्चमध्ये भाषणाला आले. ट्रॉटर आणि त्यांचे सहकारी प्रश्नांची यादी घेऊन गेले होते. सभेत गोंधळ माजला, धक्काबुक्की झाली, पोलीस आले. ट्रॉटर यांना ३० दिवसांचा तुरुंगवास झाला. त्या शिक्षेने डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस अस्वस्थ झाले आणि त्यांच्या जवळ आले. १९०५ मध्ये दोघांनी मिळून नायगारा चळवळ उभी केली. त्याच वाटेने पुढे १९०९ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही राष्ट्रीय संघटना जन्माला आली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ट्रॉटर यांच्यासोबत काम करणे सोपे नव्हते. 'गार्डियन'मध्ये वॉशिंग्टन यांच्यावर लिहिताना ते वैयक्तिक टिंगलीपर्यंत उतरत. नायगारा चळवळीत त्यांची सहकाऱ्यांशी भांडणे झाली. एनएएसीपीत गोऱ्यांचा पैसा आणि नेतृत्व आहे म्हणून ते तिच्यापासून दूर राहिले. त्यांची धार आपल्याच माणसांनाही कापत असे आणि त्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

मत दिले, शब्द घेतला

त्या काळी कृष्णवर्णीयांची मते रिपब्लिकन पक्षाची हक्काची मानली जात. लिंकन यांचा पक्ष, गुलामी संपवणारा पक्ष, मग मत जाणार कुठे? एकगठ्ठा मते गृहीत धरली जाण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही.

१९०६ मध्ये टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावात गोळीबार झाला. खटला न चालवता, गुन्हा सिद्ध न करता राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना बडतर्फ केले. हा निर्णय लोकांना कळला तो त्या वर्षीच्या निवडणुकीचे मतदान उरकल्यावर. ते सैनिक निर्दोष होते हे सरकारने मान्य केले १९७२ मध्ये, जेव्हा त्यांतले जवळजवळ सगळे मरण पावले होते.

ट्रॉटर यांनी ठरवले की कोणत्याही पक्षाला आपले मत फुकट द्यायचे नाही. १९१२ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षातर्फे विल्सन उभे राहिले. ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन न्यू जर्सीत त्यांना भेटले. पुढे ऑक्टोबरमध्ये विल्सन यांनी बिशप अलेक्झांडर वॉल्टर्स यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांना पूर्ण न्यायाची वागणूक देण्याचे आश्वासन दिले. ट्रॉटर, ड्युबॉइस आणि अनेकांनी आपल्या समाजाचा रोष पत्करून विल्सन यांच्यासाठी प्रचार केला. विल्सन निवडून आले.

कार्यालयांतले पडदे

एप्रिल १९१३ मध्ये, सत्तेवर येऊन जेमतेम महिना झाला असताना, टपालमंत्री बर्लसन यांनी मंत्रिमंडळात आपल्या खात्यातील गोरे आणि कृष्णवर्णीय कर्मचारी वेगळे करण्याचा विषय काढला. राष्ट्राध्यक्षांनी अडवले नाही. टपाल खाते आणि अर्थखात्याच्या कार्यालयांत टेबलांमध्ये पडदे लागले. शौचालये वेगळी झाली, जेवणाची टेबले वेगळी झाली. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जासोबत उमेदवाराचा फोटो बंधनकारक झाला. आपल्याकडे अर्जावरचे आडनाव जे काम करते, ते तिथे फोटोने केले.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले होते. तिथल्या हबशी गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाचा तो गौरव होता, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा ही आशा. त्या अर्पणपत्रिकेला ४० वर्षे झाली आणि त्याच देशाचे सरकार आपल्याच कर्मचाऱ्यांमध्ये भिंती घालत होते. मिळालेला हक्क राखला नाही तर तो परत जातो, याचा याहून ठळक दाखला आम्हाला माहीत नाही.

६ नोव्हेंबर १९१३ रोजी ट्रॉटर शिष्टमंडळासह व्हाइट हाउसमध्ये गेले. झुंडबळींविरुद्ध लढणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स त्यांच्यासोबत होत्या. ३६ राज्यांतील २० हजार लोकांच्या सह्यांचे निवेदन त्यांनी सादर केले. विल्सन सौजन्याने वागले. लक्ष घालतो म्हणाले. शिष्टमंडळ समाधानाने परतले. आणि वर्ष गेले. पडदे होते तिथेच राहिले, उलट वाढले.

१२ नोव्हेंबर १९१४

वर्षभराने ट्रॉटर पुन्हा गेले. या वेळी पाऊण तास बोलणे झाले.

विल्सन यांनी सांगितले की हे वेगळेपण अपमानासाठी नाही, दोन्ही समाजांत खटके उडू नयेत म्हणून आहे, आणि ते कृष्णवर्णीयांच्याच हिताचे आहे. तुम्ही याला अपमान समजू नका, म्हणजे तो अपमान राहणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता.

ट्रॉटर यांनी ते तिथल्या तिथे खोडून काढले. गेली ५० वर्षे याच कार्यालयांत दोन्ही वर्णांचे लोक शेजारी बसून काम करत आले आहेत. विल्सन यांच्याच पक्षाचे क्लीव्हलँड दोनदा राष्ट्राध्यक्ष होते, तेव्हाही काही अडले नव्हते. मग खटक्यांचे कारण आले कुठून? हा मुद्दा मांडताना त्यांना आपले वडील आठवले नसतील असे होणार नाही. १८८७ मध्ये याच क्लीव्हलँड यांनी जेम्स ट्रॉटर यांना राजधानीत दस्त नोंदणीच्या वरिष्ठ पदावर नेमले होते. कृष्णवर्णीय माणसाला तेव्हा मिळणाऱ्या सर्वांत मोठ्या सरकारी पदांपैकी ते एक होते.

तुमच्यासाठी प्रचार केला म्हणून आज आमचेच लोक आम्हाला गद्दार म्हणत आहेत, हेही ट्रॉटर यांनी सांगितले. त्यावर विल्सन चिडले. मतांची भाषा इथे नको, असे त्यांनी बजावले. आणि मग मुद्दा सोडून ते माणसावर आले. तुमचा सूर मला अपमानकारक वाटतो, या संघटनेला पुन्हा भेट हवी असेल तर तिने दुसरा प्रवक्ता पाठवावा, असे म्हणून त्यांनी भेट संपवली.

ट्रॉटर बाहेर आले आणि जे घडले ते त्यांनी पत्रकारांना सांगितले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत बातमी पहिल्या पानावर होती. बहुतेकांचा भर एका कृष्णवर्णीय संपादकाने राष्ट्राध्यक्षांसमोर आवाज चढवला, यावर होता. दिलेले वचन मोडले की नाही, पडदे काढणार की नाही, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

विल्सन यांनाही नंतर पश्चात्ताप झाला, पण कशाचा? नौदलमंत्री जोसेफस डॅनियल्स यांना त्यांनी सांगितले की आपण रागावायला नको होते. शांतपणे ऐकून घेऊन विचार करतो म्हटले असते, तर प्रकरण तिथेच विरले असते. म्हणजे धोरण चुकले असे त्यांना वाटले नाही. चूक एवढीच की बातमी झाली. आदल्या वर्षीचे सौजन्य कोणत्या जातीचे होते, हेही यातून कळते.

पुढची वीस वर्षे

१९१५ मध्ये 'बर्थ ऑफ अ नेशन' हा कू क्लक्स क्लॅनचे उदात्तीकरण करणारा चित्रपट आला आणि त्याचा खेळ व्हाइट हाउसमध्ये झाला. बोस्टनमध्ये तो लागला तेव्हा ट्रॉटर लोकांसह चित्रपटगृहावर धडकले आणि त्यांना अटक झाली. 'गार्डियन' कायम कर्जात होता. त्यासाठी त्यांनी आपली मालमत्ता घालवली. जेराल्डिन वर्षानुवर्षे पगाराविना साप्ताहिकाचे काम सांभाळत होत्या. ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्लूच्या साथीत त्यांचा मृत्यू झाला.

महायुद्ध संपल्यावर विल्सन जगाला स्वयंनिर्णयाचा हक्क सांगायला पॅरिसला गेले. तो हक्क आपल्याच देशातील कृष्णवर्णीयांना का नाही, हे विचारायला ट्रॉटर यांनाही पॅरिसला जायचे होते. सरकारने पासपोर्ट नाकारला. हार्वर्डचा हा पदवीधर एका जहाजावर स्वयंपाक्याची नोकरी धरून फ्रान्सला पोहोचला. विल्सन यांनी भेट दिली नाही. त्याच परिषदेत जपानने वंशसमानतेचा ठराव मांडला होता. बहुमत बाजूने असूनही, एकमत नाही असे सांगून तो बाजूला ठेवला गेला. तेव्हा अध्यक्षस्थानी विल्सनच होते.

ट्रॉटर यांनी नंतरच्या राष्ट्राध्यक्षांकडेही निवेदने नेली. पडदे हलले नाहीत. ७ एप्रिल १९३४ रोजी, आपल्या ६२व्या वाढदिवशी, बोस्टनमधील भाड्याच्या घराच्या छतावरून पडून त्यांचा अंत झाला. सरकारी नोकरीत भेदभाव चालणार नाही असा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो जुलै १९४८ मध्ये. २०२० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने आपल्या एका नामवंत संस्थेवरून विल्सन यांचे नाव उतरवले. ट्रॉटर यांनी ज्याचा जाब विचारला होता, तीच कारणे तेव्हा पुढे आली.

सूर की सवाल?

आम्ही वस्त्यांत काम करतो. घरकुल, शिष्यवृत्ती, जात पडताळणी, स्मशानभूमीचा रस्ता, अशी निवेदने घेऊन कार्यालयांत जातो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेल्यावर, मागच्या वेळी दिलेल्या तारखेचे काय झाले असे विचारले, की साहेबांना एकदम आमची भाषा खटकू लागते. नीट बोला, तुमच्यातला कुणी समजूतदार माणूस पाठवा, असे ऐकावे लागते. कामाविषयी उत्तर मिळत नाही ते नाहीच. ट्रॉटर यांची गोष्ट वाचताना म्हणूनच ती परक्या देशातली वाटत नाही.

मग बौद्ध म्हणून आपण काय करायचे? सम्यक वाचा म्हणजे कुणालाच न दुखवणारी वाणी, असा अर्थ काही जण काढतात. मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्त वेगळे सांगते. तथागत कुणाला अप्रिय वाटेल असे कधी बोलतात का, असा पेच घेऊन राजपुत्र अभय येतो. त्याच्या मांडीवर लहान मूल असते. भगवंत त्यालाच विचारतात की या बाळाने तोंडात खडा घातला तर तू काय करशील? बोट घालून काढीन, रक्त आले तरी काढीन, असे तो सांगतो, कारण बाळाविषयी त्याला करुणा असते. त्यावर भगवंत वाणीची कसोटी सांगतात. बोलणे खरे आहे का, हिताचे आहे का, वेळ योग्य आहे का. खरे आणि हिताचे असेल तर ते ऐकणाऱ्याला अप्रिय असले तरी योग्य वेळी बोलावे. खोटे आणि अहिताचे असेल तर ते कितीही गोड असले तरी बोलू नये.

या कसोटीवर १९१४ ची भेट घासून पाहा. विल्सन यांचे बोलणे सभ्य होते, पण खरे नव्हते. ट्रॉटर यांचे बोलणे कडू होते, पण त्याचा शब्दन्‌शब्द पुराव्याने उभा होता. आणि याच कसोटीवर 'गार्डियन'मधली वॉशिंग्टन यांची टिंगल मात्र उतरत नाही. तिने कुणाच्या तोंडातला खडा निघाला नाही. समाजमाध्यमांवर रोज एकमेकांच्या गटाला शिव्या घालणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. शिवी दिली की समोरच्याला सवाल टाळायची सोय होते. पुरावा ठेवला की त्याला सूर सोडून धरायला दुसरे काही उरत नाही.

बाबासाहेबांनी हेच केले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल रखडवले गेले होते आणि अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष होत होते. १० ऑक्टोबरला ते निवेदन करायला उभे राहिले, तेव्हा आधी प्रत द्या असा आग्रह धरला गेला. ती अट त्यांनी मानली नाही. ते सभागृहाबाहेर आले आणि निवेदन त्यांनी वर्तमानपत्रांच्या हाती दिले. ज्या सरकारात चार वर्षे काम केले, त्या सरकारने काय केले नाही, याचा त्यात मुद्देसूद हिशोब होता. त्यात शिवी नव्हती आणि आर्जवही नव्हते.

तरुण मित्रांनो, एप्रिल हा आपला जयंतीचा महिना. ११ तारखेला जोतीराव, १४ तारखेला बाबासाहेब. यंदा ७ तारखेला आपल्या अभ्यासवर्गात ट्रॉटर यांच्यावर तासभर चर्चा ठेवा. आणि पुढच्या वेळी निवेदन घेऊन जाल तेव्हा मागच्या आश्वासनाची प्रत सोबत ठेवा. तारखा आणि आकडे लिहून न्या. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय परतू नका. ज्याला मत दिले त्यालाही हेच विचारा, किंबहुना त्याला आधी विचारा. भाषेबद्दल तक्रार झाली तर शांतपणे ऐकून घ्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा.

नमो बुद्धाय, जय भीम!